पहिला धडा कंट्रोल-झेडचा

ताईने पन्नाशी उलटल्यावर संगणक हातात घेतला. चार पानांचं एक पत्र ती तीन संध्याकाळी बसून टाइप करत होती. तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून हाक आली, "अरे, लवकर ये रे. सगळं गेलं." पडद्यावर कोरं पान होतं आणि त्यावर एकुलतं एक अक्षर. काय झालं ते तिला सांगता येईना, पण पाहताच अंदाज आला. कंट्रोलचं बटण दाबलेलं असताना बोट 'ए'वर पडलं, सगळा मजकूर निवडला गेला आणि पुढच्याच अक्षराने चारही पानं पुसली. मी तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि कंट्रोल-झेड दाबलं. पानं जागच्या जागी परत आली. तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. "एवढंच होतं? मग हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

ताईने रीतसर वर्ग लावला होता, परीक्षा दिली होती, प्रमाणपत्र मिळवलं होतं. तिच्या वहीत इनपुट-आउटपुटच्या व्याख्या होत्या, संगणकाच्या पिढ्या होत्या, सीपीयूचं लांबलचक नाव होतं. झालेली चूक मागे कशी घ्यायची हे त्या वहीत कुठेच नव्हतं. तिच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. कीबोर्डवरच्या या जोड्यांना आपण 'शॉर्टकट' म्हटलं आणि तिथेच त्यांची किंमत उतरवली. खरं तर तो संगणक साक्षरतेचा पाया आहे. तो पहिल्या दिवशी शिकवला पाहिजे, परीक्षेत करून दाखवायला लावला पाहिजे, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तो लपवणं थांबवलं पाहिजे.

आधी त्या शब्दाबद्दल. मराठीत 'शॉर्टकट मारणं' हे काही कौतुकाने म्हणत नाहीत. अभ्यासात शॉर्टकट मारणारा आळशी, व्यवहारात मारणारा लबाड. त्यामुळे कीबोर्डचे शॉर्टकट म्हटलं की मनात आपोआप एक उतरंड तयार होते: माउसने मेनू उघडून करणं ही खरी पद्धत आणि बटणांची जोडी ही हुशार मंडळींची चलाखी. त्यात 'ट्रिक', 'गुपित', 'जादू' असल्या शब्दांची भर. मग 'तुम्हाला माहीत नसलेले पन्नास शॉर्टकट' अशा याद्या फिरत राहतात. माणूस त्या हौसेने जपून ठेवतो आणि पुन्हा उघडत नाही. शिकवणारेही हा भाग शेवटच्या तासाला, वेळ उरला तर घेतात.

इतिहास या उतरंडीच्या बरोबर उलटा आहे. माउस नंतर आला, आणि तो आला तेव्हा कीबोर्डची जागा घेण्यासाठी आला नव्हता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला. त्या प्रात्यक्षिकात त्यांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कीसेट. एकापेक्षा जास्त पट्ट्या एकदम दाबून त्यावर अक्षरं आणि आज्ञा देता येत. नेहमीचा कीबोर्ड मधोमध होताच. कल्पना दोन हातांची होती: एकाने जागा दाखवायची, दुसऱ्याने काय करायचं ते सांगायचं. आज आपण बहुतेक जण एका हाताने संगणक चालवतो आणि दुसरा मांडीवर ठेवतो. एंगेलबार्ट यांनी मांडलेल्या चित्रातला अर्धा भाग आपण वापरातच आणला नाही.

तो अर्धा भाग गळला कसा, याचंही एक ठळक उदाहरण आहे. १९८४ साली आलेल्या ॲपल कंपनीच्या पहिल्या मॅकिंटॉश, म्हणजे मॅक संगणकाच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. ती विसरली नव्हती, मुद्दाम वगळली होती. लोकांनी माउस हातात धरावा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी जुने प्रोग्राम जसेच्या तसे आणून न टाकता माउससाठी नव्याने लिहावेत, हा हेतू होता. मला तो हेतू समजतो. आज्ञा पाठ नसलेल्या माणसाला मेनूमुळे सगळं डोळ्यांसमोर दिसू लागलं, ही फार मोठी सोय झाली. पण दोनच वर्षांत, १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवर बाण परत आले. लिहिणाऱ्या माणसाला ते लागतातच.

कट, कॉपी आणि पेस्ट यांची गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात 'ब्राव्हो' नावाचा लेखनाचा प्रोग्राम होता. आपल्या काळाच्या तो फार पुढे होता, पण त्यात 'मोड' होते. एका अवस्थेत अक्षर दाबलं तर ते कागदावर उमटायचं, दुसऱ्या अवस्थेत तेच अक्षर आज्ञा ठरायचं. त्याबद्दलचा एक किस्सा संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे. लिहिण्याची अवस्था चालू आहे असं समजून कुणी 'एडिट' हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जायचा, 'डी'ने तो पुसला जायचा, 'आय'ने लिहिण्याची अवस्था सुरू व्हायची आणि कोऱ्या पानावर उरायचा तो शेवटचा 'टी'. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताईचं ते पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिच्याआधी कित्येक वर्षं, जगातल्या उत्तम संगणकतज्ज्ञांच्या केंद्रात, नेमका हाच अपघात होऊ शकत होता.

त्याच केंद्रातले लॅरी टेस्लर मोडच्या विरोधात उभे राहिले. टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी 'जिप्सी' हा प्रोग्राम बनवला. त्यात अक्षर दाबलं की अक्षरच उमटणार, आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवायचा तर कट आणि पेस्ट. टेस्लर यांची या मुद्द्यावरची निष्ठा एवढी की त्यांच्या गाडीच्या पाटीवरही 'नो मोड्स' असंच लिहिलेलं होतं. ते १९८० मध्ये ॲपलमध्ये गेले आणि तिथे लिसा या संगणकासाठी या आज्ञांना कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारीशेजारी जागा मिळाली: झेड, एक्स, सी, व्ही. एक्स ही काट मारण्याची खूण. सी म्हणजे कॉपी. व्ही दिसतो तो उलट्या काकपदासारखा, म्हणजे ओळीत राहून गेलेला शब्द घुसवताना आपण खाली जी टोकदार खूण करतो ती उलटी केल्यासारखा. आणि त्यांच्याच डाव्या अंगाला झेड, केलेलं मागे घेण्यासाठी. चारही आज्ञा डाव्या हाताच्या टप्प्यात, उजवा हात माउसवरून न हलवता. एंगेलबार्ट यांचे दोन हात इथे पुन्हा भेटतात. टेस्लर २०२० मध्ये गेले. त्यांनी घडवलेली ही सवय जगभरातले लोक रोज वापरतात, पण तिच्यामागे एवढा विचार आहे हे बहुतेकांच्या कानावर कधी पडलेलं नसतं.

आता व्याकरणाकडे येतो, कारण माझा खरा आग्रह इथे आहे.

घर, घराला, घराचा, घरात, घरातून. मराठी मूल हे पाच वेगळे शब्द म्हणून पाठ करत नाही. प्रत्यय कानात बसतो आणि मग ते कधी न ऐकलेल्या शब्दालाही बरोबर लावतं. कीबोर्डच्या जोड्यांचंही अगदी तसंच आहे. कंट्रोल आणि शिफ्ट ही सुटी बटणं नाहीत, ते प्रत्यय आहेत. विंडोजवर किंवा लिनक्सवर मजकुरात उजवा बाण दाबा, कर्सर एक अक्षर पुढे जातो. कंट्रोल धरून दाबा, तो एक अख्खा शब्द पुढे जातो. म्हणजे कंट्रोलने पाऊल मोठं केलं. होम दाबलं की ओळीची सुरुवात, कंट्रोल-होम दाबलं की सगळ्या मजकुराची सुरुवात, नियम तोच. बॅकस्पेसने एक अक्षर जातं, कंट्रोल-बॅकस्पेसने शब्द जातो. हे मी कुठे वाचलं नव्हतं, पहिल्या दोनांवरून तर्क करून दाबून पाहिलं आणि ते चाललं. तर्काने पुढची जोडी सापडते तेव्हा जो आनंद होतो, तो यादी पाठ करणाऱ्याला मिळत नाही.

शिफ्टचे अर्थ दोन. बाणाबरोबर शिफ्ट धरलं की कर्सर जिथून जिथपर्यंत जाईल तेवढा मजकूर निवडला जातो. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरले की शब्दाशब्दाने निवड. इतर ठिकाणी शिफ्ट दिशा उलटवतं. टॅबने फॉर्ममधल्या पुढच्या रकान्यात जाता येतं, शिफ्ट-टॅबने मागच्या. ऑल्ट-टॅबने उघड्या खिडक्यांमधून पुढे, त्यात शिफ्ट मिसळलं की मागे. ब्राउझरमध्ये स्पेसबारने पान खाली सरकतं, शिफ्ट-स्पेसबारने वर. तिथेच कंट्रोल-टी नवा टॅब, म्हणजे त्याच खिडकीत नवं पान, उघडतं आणि कंट्रोल-शिफ्ट-टी चुकून बंद झालेला टॅब परत आणतं. हेच दोन प्रत्यय फाइलींच्या यादीतही चालतात: एका फाइलवर क्लिक करून शिफ्ट धरून दुसरीवर क्लिक केलं की मधल्या सगळ्या निवडल्या जातात, कंट्रोल धरून क्लिक केलं की हव्या त्या सुट्या सुट्या. मॅकवर कंट्रोलचं बरंचसं काम कमांडकडे असतं आणि शब्दाची उडी ऑप्शनकडे. बटणांची नावं बदलली तरी विचार तोच राहतो.

एवढं व्याकरण एका तासात शिकवून होतं. उरलेलं माणूस स्वतः शोधतो. म्हणून पन्नासांच्या याद्यांवर माझा राग आहे. त्या शब्दकोश देतात आणि भाषा देत नाहीत.

वेळ वाचतो, हा शॉर्टकटच्या बाजूने नेहमी केला जाणारा दावा. त्याबाबत प्रामाणिक राहायला हवं, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. ॲपलमध्ये काम करणारे ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिलं की त्यांच्या चाचण्यांत लोकांना कीबोर्ड वेगवान वाटला, पण घड्याळाने माउसच्या बाजूने कौल दिला. कीबोर्डच्या भक्तांना हे आवडत नाही. मला त्यात तथ्य वाटतं आणि त्याचं कारणही समजतं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या हालचालींचा वेळ मांडण्याची एक पद्धत दिली. तिच्यात सराईत टाइप करणाऱ्याला एक बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, माउसने एखाद्या जागेवर नेम धरायला सुमारे १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद. आणि 'आता काय करायचं' हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. सगळ्यात महाग काय आहे ते बघा. विचार. जी जोडी आठवावी लागते ती महाग, जी बोटांत बसलेली आहे ती जवळजवळ फुकट. टोग्नाझिनी म्हणतात, हा आठवण्याचा वेळ माणसाच्या लक्षातच येत नाही.

यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो की थोड्या जोड्या शिकाव्यात आणि त्या हाडात मुरवाव्यात. महिन्यातून एकदा लागणारी आज्ञा खुशाल मेनूतून द्यावी. सेकंदांचे गुणाकार करून 'वर्षाला इतके दिवस वाचतात' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मला जो फायदा जाणवतो तो वेगळाच आहे. वाक्य लिहिता लिहिता हात माउसकडे गेला की डोळेही बाणामागे जातात, बाण मेनूत शिरतो, आणि परत येईपर्यंत वाक्याचं उरलेलं शेपूट हातून सुटलेलं असतं. कंट्रोल-बॅकस्पेसने चुकलेला शब्द उडवला तर वाक्य मनात शाबूत राहतं. लिहिणाऱ्याला याचं मोल सांगावं लागत नाही.

पण वेग आणि एकाग्रता यांच्याही आधी भीती येते. नव्याने संगणक शिकणारा माणूस काय म्हणतो ते ऐका. "मी हात लावत नाही बाबा, काहीतरी बिघडेल." या वाक्याने जितकी माणसं संगणकापासून दूर ठेवली, तितकी कुठल्याही अवघड प्रोग्रामने ठेवली नसतील. परतीची वाट ठाऊक असलेलाच माणूस मोकळेपणाने भटकतो. कंट्रोल-झेड ही ती परतीची वाट, आणि ती फक्त मजकुरापुरती नाही. विंडोजमध्ये एखादी फाइल ओढताना हात सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडली, तरी तिथेच लगेच कंट्रोल-झेड दाबलं की ती मूळ जागी येते. वर्षानुवर्षं संगणकावर बसणारी माणसं अशी फाइल शोधत अर्धा तास घालवताना मी पाहिली आहेत.

त्याचीच बहीण शोभावी अशी एक सोय विंडोजमध्ये आहे. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी समोर येते, पंचवीसपर्यंत. २०१८ च्या अपडेटपासून ती आहे. पहिल्यांदा दाबल्यावर ती चालू करायची का, असं विचारलं जातं, कारण मुळात ती बंद असते. आपण एक परिच्छेद कॉपी करतो, पेस्ट करायच्या आधी दुसरंच काहीतरी कॉपी करतो आणि पहिला हरवून बसतो. हे दुःख आठवड्यातून कितीदा होतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत बसू शकतो, म्हणून सामायिक संगणकावर ती बंदच बरी.

मर्यादाही त्याच तासाला सांगायला हव्यात. शिफ्ट-डिलीटने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. बहुतेक प्रोग्राम बंद केले की मागे घ्यायच्या पायऱ्या संपतात. पाठवलेली मेल कंट्रोल-झेडने परत येईल या भरवशावर राहू नये. कुठली वाट परतीची आहे आणि कुठली नाही, हे दोन्ही माहीत असलं की भीती जाते आणि सावधपणा राहतो. आणि जागेवरून उठताना विंडोज-एल दाबून पडदा कुलूपबंद करावा, मॅकवर कंट्रोल-कमांड-क्यू. दुसऱ्यांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाचं हे कर्तव्य आहे. त्याला 'टिप' म्हणणं मला पटत नाही.

काहींसाठी तर ही आडवाट नसून एकमेव वाट आहे. ज्यांना पडदा दिसत नाही ते माउसचा बाण कुठे नेणार? ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतात आणि सगळा कारभार कीबोर्डने करतात. 'जॉज' हा अशा प्रोग्रामांपैकी जुना, १९८९ पासूनचा. 'एनव्हीडीए' हा मोफत मिळणारा, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केलेला. ते स्वतः अंध आहेत. हात थरथरणाऱ्यालाही बारीक चौकोनावर नेम धरण्यापेक्षा टॅब आणि एंटर सोपं जातं. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी २००८ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांच्या अगदी पहिल्या, किमान पातळीवरच म्हटलं आहे की प्रत्येक गोष्ट कीबोर्डने करता आली पाहिजे आणि कीबोर्डने आत शिरलेला माणूस कुठे अडकून पडता कामा नये.

तरीही आज कितीतरी फॉर्म असे सापडतात की टॅब दाबत गेलो तर आपण कुठे आहोत तेच कळत नाही, कारण निवडलेल्या रकान्याभोवतीची चौकट दिसायला बरी वाटत नाही म्हणून पुसून टाकलेली असते. तारखेच्या रकान्यात कॅलेंडर उघडतं आणि माउसशिवाय मिटत नाही. 'पुढे' हे बटण दिसतं, पण टॅबने त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. हे वर्षानुवर्षं चालतं, कारण ज्यांना ते नडतं त्यांची संख्या बनवणाऱ्यांना थोडी वाटते. सगळेच जण टॅबने फॉर्म भरू लागले, तर हीच चूक पहिल्याच दिवशी हजारोंना अडवेल आणि दुरुस्त होईल. डोळस आणि धडधाकट माणसाने कीबोर्ड शिकण्यात हा एक सामाजिक अर्थ आहे, आणि माझ्या लेखी तो वेळेच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

बनवणाऱ्यांचा वाटा इथे सुरू होतो. पूर्वी मेनूतल्या शब्दांमधल्या एका अक्षराखाली रेघ असायची. ऑल्टच्या साथीने ते अक्षर दाबलं की आज्ञा चालायची. पाहता पाहता माणूस शिकायचा. विंडोज २००० पासून ऑल्ट दाबल्याशिवाय त्या रेघा दिसेनाशा झाल्या. म्हणजे ज्याला ऑल्ट आधीच माहीत आहे, त्यालाच ऑल्टची खूण दिसणार. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये राइट-क्लिकच्या मेनूतून कट, कॉपी, पेस्ट हे शब्द गेले आणि नुसती चित्रं उरली. शब्द परत यायला काही वर्षं जावी लागली. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून शिकवणाऱ्या खुणा काढून टाकणं मला चुकीचं वाटतं. जुना मेनू हाच सगळ्यात चांगला शिक्षक होता: 'कॉपी' या शब्दासमोरच कंट्रोल-सी लिहिलेलं असायचं.

एकवाक्यताही हवी. मागे घेतलेलं पुन्हा आणायला कुठे कंट्रोल-वाय, कुठे कंट्रोल-शिफ्ट-झेड. कंट्रोल-एफ जगभर शोधण्यासाठी, आणि डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुक या मेलच्या प्रोग्राममध्ये तेच दाबलं की मेल फॉरवर्ड करायची खिडकी उघडते. सजावट न घेता नुसता मजकूर पेस्ट करणारं कंट्रोल-शिफ्ट-व्ही ब्राउझरमध्ये कधीपासून चालतं, वर्डमध्ये ते फार उशिरा आलं. मॅकवर खिडकी बंद करणारं कमांड-डब्ल्यू आणि अख्खा प्रोग्राम बंद करणारं कमांड-क्यू एकमेकांना खेटून आहेत. याची तुलना कंट्रोल-ऑल्ट-डिलीटशी करून पाहा. आयबीएमचे डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक पुन्हा सुरू करणारी ही जोडी ठरवली, ती १९८१ च्या पीसीच्या वेळी. आधी त्यांनी कंट्रोल-ऑल्ट-एस्केप घेतलं होतं. पण ती तिन्ही बटणं डाव्या हाताशीच असल्याने चुकून दाबली जाण्याचा धोका होता, म्हणून तिसरं बटण पार उजवीकडे नेलं. ती जोडी तर फक्त कंपनीतल्याच अभियंत्यांसाठी होती. तिथेही एवढी काळजी घेतली गेली: घातक ते दूर, रोजचं ते जवळ.

'आता सगळं मोबाइलवर होतं, कीबोर्डचं काय घेऊन बसलात,' असा आक्षेप येतो. मोबाइलवर बोटाने अर्धं वाक्य निवडून दाखवा, मग बोलू. आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतं. ते २००९ मध्ये आलं, आणि त्याच वेळी फोन हलवून शेवटची कृती मागे घेण्याची सोय आली. यंत्र कितीही नवं असो, टेस्लर यांच्या त्या मोजक्या आज्ञांशिवाय त्यालाही दोन वर्षांपलीकडे राहता आलं नाही. आणि लांबलचक लेखन, मोठे तक्ते, हिशेब, अर्ज यांसाठी माणसं अजूनही कीबोर्डसमोरच बसतात. बोलून लिहिण्याची सोय आहे, उत्तम आहे. बोललेलं तपासायला आणि दुरुस्त करायला पुन्हा बोटंच लागतात.

वयाचा आक्षेप मला मान्यच नाही. ताईने त्या दिवशी कंट्रोल-झेड शिकून घेतलं आणि आठवडाभरात मला विचारलं, "शिफ्ट धरून बाण दाबला तर अक्षरं निळी होतात. कंट्रोल पण धरलं तर?" मी म्हटलं, "दाबून बघ ना." पूर्वीची ताई म्हणाली असती, नको बाबा. या ताईने दाबून पाहिलं.

माझी मागणी साधी आहे. संगणकाच्या प्रत्येक वर्गात पहिला तास असा व्हावा: समोर एक भरलेलं पान, माउस बाजूला ठेवलेला, आणि सूचना एवढीच की हे पान मुद्दाम बिघडवा. सगळं निवडा, पुसा, वेडंवाकडं काहीतरी लिहा. मग कंट्रोल-झेडने ते जसंच्या तसं परत आणा. दुसऱ्या तासाला कंट्रोल आणि शिफ्ट यांचं व्याकरण. पिढ्या आणि पूर्ण रूपं नंतर कधीतरी, किंवा नाहीच. परीक्षाही तशीच घ्यावी. चार पर्यायांवर खूण करण्याऐवजी चाळीस ओळींचा एक विस्कटलेला मजकूर द्यावा, एक रकान्यांचा फॉर्म द्यावा, आणि परीक्षकाने शेजारी उभं राहून पाहावं: चुकल्यावर या माणसाचा हात थबकतो, की झेडकडे जातो.